चाळणीची भोकं कोणत्या मापाची?

आठवडाभर माझा स्कॅन रोज संध्याकाळी एकच उत्तर द्यायचा: शून्य शेअर. बाजार वर चालला होता, टीव्हीवर ‘ब्रेकआउट’चा जप चालू होता आणि माझ्या यादीत एक नाव येईना. इगतपुरी तालुक्यातल्या घोटीत ओळखीच्या एका राइस मिलवर संध्याकाळी चहाला बसायची सवय. तिथले अण्णा मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, “काय रे, तुझ्या चाळणीतून काहीच पडंना का?” मी बाजाराला दोष दिला. अण्णा हसले. “काहीच पडत नसंल तर भाताला काय बोलतो? जाळी बघ आधी.”

जाळी बघितली. मी लिहिलं होतं:

क्लोज > मॅक्स(२०, हाय)

आजचा बंद भाव गेल्या २० दिवसांच्या सर्वांत वरच्या भावापेक्षा जास्त हवा, असा त्याचा अर्थ. वाचायला बरोबर वाटतं. पण संगणकाच्या लेखी ‘गेले २० दिवस’ यात आजचा दिवसही आला, आणि आजचा बंद भाव आजच्याच उच्चांकाच्या वर जाणार कसा? फार तर त्याच्याइतका असेल. ती अट जन्मात खरी होणार नव्हती. दुरुस्ती इवलीशी होती, उच्चांक कालपर्यंतचा धरायचा:

क्लोज > १ डे अगो मॅक्स(२०, हाय)

त्या संध्याकाळी यादी आली.

डीमॅट खातं आहे, चार्ट थोडेफार वाचता येतात, आणि आता कुणाच्या ग्रुपवर पडलेल्या नावांपेक्षा स्वतःची यादी काढायची आहे, अशांसाठी हा लेख आहे. सूत्रं इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष खिडकीत हेच शब्द इंग्रजीत टाइप करायचे किंवा यादीतून निवडायचे. मांडणी साधारण चार्टइंकची धरली आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथे होते. ट्रेडिंगव्ह्यू किंवा अ‍ॅमीब्रोकर वापरत असाल तर शब्द बदलतील, विचार बदलणार नाही.

राइस मिलमध्ये भात एका चाळणीतून जाऊन तांदूळ होत नाही. पहिली चाळणी काडीकचरा आणि खडे काढते, मग तूस निघतं, कोंडा निघतो, शेवटी ग्रेडरवर अख्खा दाणा आणि कणी वेगळी होते. प्रत्येक जाळीला एकच काम. स्कॅनचंही तसंच आहे: एका अटीने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. एनएसईवर दोन हजारांहून जास्त कंपन्यांचे शेअर आहेत. त्यांतून आज बघण्यासारखे दहा-पंधरा काढून देणं एवढंच स्कॅनचं काम. ते दहा-पंधरा विकत घ्या असं तो सांगत नाही. शेवटचा हात आपलाच, जसा मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघणारा व्यापारी असतो तसा.

म्हणून कीबोर्डला हात लावण्याआधी वहीत एक मराठी वाक्य लिहा. माझं वाक्य असं आहे: ‘जो शेअर महिनोन्‌महिने चढणीला आहे, गेल्या काही दिवसांत जरा खाली येऊन विसावला आहे, आणि आज पुन्हा उठायला लागला आहे.’ या वाक्यात चढण, विसावा आणि उठाव असे तीन तुकडे आहेत. हे वाक्य ज्याला लिहिता येत नाही त्याने सूत्र लिहू नये. तो इंडिकेटरांची भेळ करतो. मीही केली आहे. एकदा अकरा अटी एकाखाली एक घातल्या होत्या, त्यांतल्या चार अटी वेगवेगळ्या नावांनी एकच गोष्ट विचारत होत्या. आरएसआय, स्टोकॅस्टिक, सीसीआय आणि विल्यम्स पर्सेंट आर, सगळे भावाचा वेगच मोजतात. चार साक्षीदार एकाच घरातले असले की साक्ष एकच धरायची.

आता सरासरीकडे. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज एकदा तरी हाताने काढून बघा, त्याशिवाय ती अंगवळणी पडत नाही. पाच दिवसांचे बंद भाव १००, १०२, १०१, १०५, १०७. बेरीज ५१५, सरासरी १०३. सहाव्या दिवशी भाव ११०. आता पहिला १०० बाहेर जातो, ११० आत येतो. बेरीज ५२५, सरासरी १०५. ही साधी सरासरी, म्हणजे एसएमए. हिच्यात एक मेख आहे. सरासरी आत येणाऱ्या भावाने हलते तशी बाहेर जाणाऱ्या भावानेही हलते. आज भाव जागचा हलला नाही आणि खिडकीतून फार जुना पडेल भाव बाहेर गेला, तरी सरासरी वर सरकते. बातमी नाही, उठाव नाही, पण रेषा वळलेली दिसते.

एक्स्पोनेन्शियल सरासरी, ईएमए, ताज्या भावाला जास्त वजन देते. पाच दिवसांसाठी वजन निघतं २ भागिले (५ + १), म्हणजे एक तृतीयांश. कालची सरासरी १०३, आजचा भाव ११०, फरक ७. त्याचा तिसरा हिस्सा २.३३. आजची ईएमए १०५.३३. ती लवकर वळते आणि लवकर फसतेही. माझा नियम साधा आहे: लांबच्या कलासाठी एसएमए, जवळच्या वळणासाठी ईएमए. त्याला शास्त्राधार शोधू नका, सवयीचा भाग आहे.

किती दिवसांची सरासरी घ्यायची यावर लोक भांडतात. वर्षात साधारण अडीचशे दिवस बाजार चालतो. म्हणजे २० दिवस हा बाजाराचा एक महिना, ५० म्हणजे अडीच महिने, २०० म्हणजे जवळजवळ दहा महिने. २०० ऐवजी १९० घेतल्याने ज्याचं सूत्र सुधारतं त्याचं सूत्र मुळात कच्चं आहे.

इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो तो मुद्दा. ‘वर असणे’ आणि ‘वर जाणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्थिती, दुसरी घटना. मुसळधार पाऊस चालू असणं आणि आज पहिला पाऊस पडणं यांतला फरक इगतपुरी तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको.

एसएमए(क्लोज, ५०) > एसएमए(क्लोज, २००)

ही स्थिती. तेजीच्या काळात शेकडो शेअर या अटीत बसतील आणि उद्याही तेच बसतील. घटना पकडायची तर कालचा दिवसही सांगावा लागतो:

एसएमए(क्लोज, ५०) > एसएमए(क्लोज, २००)
अँड १ डे अगो एसएमए(क्लोज, ५०) <= १ डे अगो एसएमए(क्लोज, २००)

काल खाली किंवा बरोबरीत, आज वर. ज्याला ‘गोल्डन क्रॉस’ म्हणतात तो हा. दुसऱ्या ओळीत नुसतं ‘<’ लिहिलं तर काल नेमकी बरोबरी असलेला शेअर निसटतो, म्हणून ‘<=’. चार्टइंकमध्ये ‘क्रॉस्ड अबव्ह’ हा तयार पर्याय आहे, अ‍ॅमीब्रोकरमध्ये ‘क्रॉस’. पण दोन ओळींतलं मूळ रूप एकदा स्वतः लिहा. एका सूत्रात घटना शक्यतो एकच ठेवा. सरासरी आजच छेदली, आरएसआयने आजच ५० ओलांडला, एमएसीडीही आजच वळला, अशा तीन घटना एकाच दिवशी मागितल्या की यादी रिकामी राहणार, नाहीतर योगायोगाने एखादं नाव येणार. बाकी सगळ्या अटी स्थितीच्या, शेवटची एक घटनेची.

आता वहीतलं वाक्य सूत्रात उतरवू. चढण:

क्लोज > एसएमए(क्लोज, २००)
अँड एसएमए(क्लोज, ५०) > एसएमए(क्लोज, २००)
अँड एसएमए(क्लोज, २००) > २० डेज अगो एसएमए(क्लोज, २००)

तिसरी ओळ पुष्कळजण विसरतात. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहे, पण ती सरासरीच उतरणीला असेल तर ती चढण नव्हे, पडणाऱ्या शेअरने घेतलेली उसळी आहे. महिन्यापूर्वीपेक्षा आज सरासरी वर आहे का, एवढं विचारलं की हा माल पहिल्याच जाळीत अडकतो.

विसावा:

अँड मिन(५, आरएसआय(१४)) < ४५

गेल्या पाच दिवसांत कधीतरी आरएसआय ४५ च्या खाली गेला होता. आरएसआय वेल्स वायल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ च्या पुस्तकात मांडला. मूळचा तो मेकॅनिकल इंजिनिअर. ७० च्या वर अति खरेदी, ३० च्या खाली अति विक्री हे ठोकताळे तिथलेच. पण जोमात चढणाऱ्या शेअरचा आरएसआय ३० पर्यंत सहसा येतच नाही, ४० च्या आसपास वळतो. म्हणून चढणीची अट आणि ‘३० च्या खाली’ एकत्र मागणाऱ्याला नावं मिळत नाहीत आणि मिळालीच तर बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं. दोन सॉफ्टवेअरमध्ये एकाच शेअरचा आरएसआय वेगळा दिसला तर घाबरू नका. वायल्डरची सरासरी आधीच्या सगळ्या दिवसांचा माग ठेवते. ज्याच्याकडे मागचा डेटा कमी, त्याचा आकडा थोडा सरकतो.

उठाव ही आपली घटनेची ओळ:

अँड क्लोज > १ डे अगो हाय
अँड व्हॉल्यूम > १ डे अगो एसएमए(व्हॉल्यूम, २०)

उलाढालीची सरासरी मुद्दाम कालपर्यंतची घेतली आहे. आजचा मोठा आकडा सरासरीत मिसळला तर ती फुगते आणि आपण आजच्या दिवसाची तुलना काही अंशी त्याच्याशीच करत बसतो.

शेवटची ओळ मी पूर्वी घालत नव्हतो, आता सगळ्यांत आधी घालतो:

अँड एसएमए(व्हॉल्यूम, २०) * क्लोज > ५००००००००

वाचताना शून्यं मोजलीत का? मोजायला हवी होती. पाच कोटी म्हणजे पाचावर सात शून्यं. वर आठ आहेत, म्हणजे पन्नास कोटी झाले. मुद्दाम चुकवलं, कारण अशी चूक सॉफ्टवेअर दाखवत नाही, यादी गुपचूप लहान होते. बरोबर आकडा ५०००००००. मध्ये स्वल्पविराम टाकायचे नाहीत. रोजची उलाढाल सरासरी पाच कोटींची हवी, हा माझ्यासारख्या लहान माणसाचा आकडा. तुमचा तुम्ही ठरवा, पण ठरवा. आठ रुपयांचा शेअर सगळ्या तांत्रिक अटींत देखणा बसतो. मग एके दिवशी पाच टक्क्यांचं खालचं सर्किट लागतं, घेणारा कुणी नसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाजारात २, ५, १० आणि २० टक्क्यांचे भावपट्टे आहेत. तुमच्या यादीतला शेअर कुठल्या पट्ट्यात आहे, देखरेखीच्या यादीत आहे का, हे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर बघूनच पुढे जा.

कंसांबद्दल थोडक्यात. ‘अँड’ आणि ‘ऑर’ एका ओळीत आले की कंस घाला. ‘चढण अँड विसावा ऑर उठाव’ असं मोकळं सोडलं तर बहुतेक ठिकाणी ‘अँड’ आधी धरला जातो, आणि चढण नसलेला कुठलाही शेअर फक्त आज उठला म्हणून यादीत शिरतो. म्हणायचं होतं ‘चढण अँड (विसावा ऑर उठाव)’. अ‍ॅमीब्रोकरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ‘रेफ’मध्ये मागचा दिवस उणे एकने सांगतात. तिथे उणे चिन्ह राहिलं तर सूत्र उद्याचा भाव वाचतं. मागच्या काळावर चाचणी घ्या, दिपवून टाकणारा नफा दिसेल. कुणी आपल्या सूत्राचा असा नफा दाखवला की मी आधी ते उणे चिन्ह शोधतो.

सूत्र लिहून झालं की एकेक ओळ घालत चला आणि दर ओळीनंतर किती नावं उरली ते वहीत लिहा. एखाद्या ओळीने एकही नाव गळत नसेल तर ती ओळ काढून टाका. एखाद्या ओळीने जवळजवळ सगळं गळत असेल तर ती तपासा. मग यादीतला एक शेअर घ्या, चार्ट उघडा, प्रत्येक अट डोळ्यांनी बघा. यादीबाहेरचाही एक घ्या आणि तो का गळला ते शोधा. ही दुसरी पायरी लोक करत नाहीत, आणि माझी ‘मॅक्स’ची चूक याच पायरीत सापडली असती.

वेळेचं पथ्य पाळा. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. सकाळी अकराला स्कॅन चालवला तर ‘क्लोज’ म्हणजे त्या क्षणाचा भाव, आणि उलाढाल अर्धवट. अकराला यादीत आलेलं नाव साडेतीनला गायब झालेलं दिसेल. ती सॉफ्टवेअरची खोडी नाही, अट तेव्हा खरी होती, आता नाही. दिवसाच्या चार्टवरचं सूत्र दिवस संपल्यावर चालवावं, आठवड्याचं शुक्रवारी संध्याकाळी. बाहेरगावी, शेतात किंवा दुकानात दिवस घालवणाऱ्याला हे सोयीचंही आहे.

डेटाची शुद्धता हा कंटाळवाणा पण पैशाचा विषय. नेस्ले इंडियाने एका शेअरचे दहा केले, ५ जानेवारी २०२४ पासून. सत्तावीस हजारांच्या आसपासचा भाव दुसऱ्या दिवशी सत्तावीसशेच्या आसपास आला. कुणाचाच पैसा बुडाला नव्हता. पण मागचे भाव जुळवून न घेतलेल्या डेटावर तुमचं सूत्र त्याला नव्वद टक्के पडलेला शेअर समजेल, आणि पुढचे दहा महिने त्याची २०० दिवसांची सरासरी भलतीच राहील. रिलायन्सच्या ऑक्टोबर २०२४ च्या एकास एक बोनसलाही हेच लागू. एखादा आकडा अंगावर आला की आधी स्प्लिट, बोनस बघा.

मागच्या काळावर चाचणी घेताना दुसरी खोट असते. आजच्या यादीतल्या कंपन्यांवर दहा वर्षांची चाचणी घेतली, तर त्यात फक्त टिकलेल्या कंपन्या असतात. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. डीएचएफएलचे शेअर २०२१ मध्ये बाजारातून काढले गेले आणि भागधारकांच्या हाती काही आलं नाही. तुमच्या सूत्राने कधीतरी या नावांनाही ‘चढण’ म्हटलं असतं, पण चाचणीत ती दिसणारच नाहीत. शिवाय खर्च वजा करा: डिलिव्हरीच्या खरेदीवर आणि विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी, आणि २३ जुलै २०२४ पासून अल्पमुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर. लहान लहान नफ्यांची सूत्रं कागदावर जगतात, इथे मरतात.

सूत्राला जे कळत नाही त्याचं एक उदाहरण जवळून पाहू. ३ जून २०२४, सोमवार. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्के वर बंद झाला. त्या संध्याकाळी वरचा ‘२० दिवसांचा उच्चांक’वाला स्कॅन ज्याने चालवला त्याची यादी भरून वाहिली असणार, आणि प्रत्येक नाव नियमात चोख बसलेलं. मंगळवारी निकाल लागले, निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला. शुक्रवारी, ७ तारखेला, तो पुन्हा सोमवारच्या पातळीच्या किंचित वर बंद झाला. त्या पाच दिवसांत सूत्र एकदाही चुकलं नाही, तरी सोमवारी घेऊन मंगळवारी घाबरून विकणारा तोट्यात गेला. यादी नेहमीपेक्षा अचानक तिप्पट-चौपट झाली तर ती संधी समजू नये. बहुतेक वेळा एकच मोठी लाट सगळ्यांना उचलत असते. मी अशा दिवशी यादी फक्त जपून ठेवतो आणि दोन दिवसांनी उघडतो. आडव्या बाजारात याच्या उलट: सरासऱ्या एकमेकींना आज वर, परवा खाली अशा छेदत राहतात आणि दर छेदाला थोडे पैसे जातात. शिवाय निफ्टी स्वतःच्या २०० दिवसांच्या सरासरीखाली असेल तेव्हा मी नवी खरेदी थांबवतो. यात काही चांगले शेअर हातचे जातात. जाऊ देत.

सूत्र विकणाऱ्यांविषयीही बोलायला हवं. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचं कुठलंही सूत्र गुप्त नाही, वरच्या सात-आठ ओळींत जे आहे त्याच्याच आवृत्त्या पैसे घेऊन दिल्या जातात. देणारा शेअरची नावंही सांगत असेल तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर ताडून बघा. आणि हे स्कॅन घेऊन इंट्राडे किंवा फ्युचर-ऑप्शनकडे वळायचा मोह होईल तेव्हा सेबीचेच दोन आकडे समोर ठेवा: २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहांतले सात जण तोट्यात होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के.

वहीची आणखी चार पानं आखा. तारीख, शेअर, त्या दिवशीचा बंद भाव, दहा दिवसांनंतरचा भाव, वीस दिवसांनंतरचा भाव. रोज संध्याकाळी यादीतली सगळी नावं लिहायची, आवडती निवडून नव्हे. या दिवसांत सूत्रातला एकही आकडा बदलायचा नाही. माझी वही दिवाळीला सुरू झाली, इंद्रायणीचा नवा भात मिलवर यायला लागला त्या सुमारास, आणि शिमग्यापर्यंत मी एक रुपयाही लावला नाही. तुम्हीही निदान शंभर नोंदी पूर्ण होईपर्यंत लावू नका.